गाडी आली हे कानानं कसं ओळखता? आणि आमच्या वावराजवळचा एक आवाज

कपाशीकाठ — सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचत होतो, आज लिहायला बसलो.

आमचं शेत मूर्तिजापूर ते बडनेरा या पट्ट्यात आहे. रुळापासून दोन वावरं सोडून आमचं वावर, आणि थोडं पुढं फाटक. मुंबई–हावडा मार्गाची निम्मी दुनिया आमच्या धुऱ्यासमोरून जाते: गीतांजली, विदर्भ, महाराष्ट्र, सेवाग्राम, आझाद हिंद, आणि रात्रभर मालगाड्या. जीआयपी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. म्हणजे माझ्या पणज्याच्याही आधीपासून या गावाचा दिवस गाड्यांवर चालतो. आई अजूनही घड्याळ न बघता सांगते, "गाडी गेली, आता दूध काढा."

माझा आजा डोळ्यानं अधू झाला होता. खाटेवर पडल्या पडल्या तो गाडी ओळखायचा. भरली मालगाडी असेल तर म्हणायचा, "कोयसा चालला." रिकामी असेल तर, "खोके आले." ते ऐकत ऐकत मलाही कान लागला. कोळशाचे भरलेले डबे दबक्या आवाजात जातात. आवाज कमी आणि हादरा जास्त, माठातल्या पाण्यावर वलयं उठतात. तेच डबे रिकामे परत जाताना पत्र्याच्या पिंपावर कुणी काठी फिरवावी तसे वाजत जातात. तेलाच्या टाक्या त्या मानानं शांत. जुने निळे डबे खडखडाट करत यायचे आणि पुढं सिग्नल लाल असला की ब्रेकचे ठोकळे चाकाला घासून करकरायचे. लोखंड भाजल्यासारखा वास वावरापर्यंत यायचा. आताच्या लाल, नव्या धाटणीच्या एलएचबी डब्यांना डिस्क ब्रेक. ते वारा कापत जातात, वास येत नाही.

आता मुख्य मुद्दा. सध्या आमच्या फीडरला ओलितासाठी रात्रीची लाइन, म्हणजे वीज, आहे, त्यामुळं गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला रोज रात्री वावरात असतो. थंडी मोकार पडली आहे आणि थंडीत आवाज लांबून येतो. गेल्या आठ-दहा दिवसांपासून अप लाइनवर, म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या रुळावर, एक वेगळा आवाज ऐकू येतो. पूर्वी त्या जागी "टक्" असा बारीक आवाज व्हायचा. आता "धप्प" होतो. जड, खोल. भरल्या मालगाडीला सगळ्यात जास्त.

दोन प्रश्न विचारतो. हा आवाज कशाचा असेल? आणि तुम्ही सगळे आपापल्या गावात गाडी कानानं कशी ओळखता, ते सविस्तर लिहाल का? आमचं फाटक बंद होऊन तिथं खालून पूल होणार असं ऐकतोय. फाटक गेलं की गेटमनदादाही जातील. वीस वर्षं रोज प्रत्येक गाडी उभं राहून बघणारा माणूस जाणार. त्याआधी हे कुठंतरी लिहिलेलं असावं असं फार वाटतं.

रूळवेडा — सोमवार, रात्री ११.४८

दादा, चपटं चाक असेल. ब्रेक जाम होऊन चाक घसरलं की एका जागी घासून सपाट होतं आणि मग प्रत्येक फेऱ्याला आपटतं. मी अकोल्याला कॉलेजात आहे, फलाटावरून जाणाऱ्या मालगाड्यांत एखादा तरी डबा असा सापडतो.

चावी_पाना — मंगळवार, पहाटे ५.१०

कपाशीकाठ भाऊ, मी रेल्वेत चावीवाला होतो, म्हंजे रुळाच्या कडंनं चालत रूळ अन् जोड तपासणारा. आता रिटायर. तुमचं वाचलं अन् झोप उडाली.

पह्यले एक सांगा. आवाज डब्यासंगं पुढं जाते का तिथंच राह्यते? चपट्या चाकाचा आवाज गाडीसंगं पळते. धड-धड-धड करत येते अन् तसाच निंघून जाते. मालडब्याचं नवं चाक एक मीटर व्यासाचं, म्हंजे एका फेऱ्यात तीन मीटर अन् वर थोडं. गाडी साठच्या वेगानं असली तं सेकंदाले पाच ठोके पडतात. आवाज जर एकाच जागी होत असन, अन् हरेक गाडीले होत असन, तं दोष चाकात नाई. रुळात हाय, नाई तं रुळाखाली.

हे नक्की करून आजच सांगा. अन् रुळावर जाऊन पाहू नका, तुमच्या वावरातूनच ऐका.

कपाशीकाठ — मंगळवार, सकाळी ८.०५

काका, एकाच जागी. शंभर टक्के. मी बांधावर उभा राहून दोन रात्री ऐकलं. प्रत्येक डबा त्या जागी आला की धप्प, धप्प. विजेच्या तारेचा एक खांब आहे, त्याच्या जरा अलीकडं. प्रवासी गाडीलाही होतो पण हलका. डाउन लाइनवर नाही.

चावी_पाना — मंगळवार, सकाळी ८.३०

मंग थांबू नका. गेटमनले जाऊन सांगा, खांबावरचा नंबर दुरून वाचून द्या. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरातल्या खांबाचा. तेवढ्यावर माणूस बरोबर जागेवर पोचते. गेटमनपाशी स्टेशनमास्तरचा फोन असते. फाटक लावलं की तो मास्तरले खाजगी नंबर देते, त्याच फोनवर हेही सांगता येते.

माह्या अंदाजानं तिथं सिग्नलसाठीचा जोड असन. सिग्नलचे विभाग वेगळे ठेवाले रूळ वीज जाऊ नये असा चिकटवून जोडतात. तो नेहमी "टक्" वाजतेच, त्यात वावगं नाई. पण टक् चं धप्प झालं म्हंजे खालची गिट्टी बसली. जोड खाली दबते, चाक वरून पडते, अन् पडून पडून अजून दबते. भरला कोयशाचा डबा नव्वद टनाच्या घरात असते. असे अठ्ठावन्न-एकोणसाठ डबे एका गाडीले. बल्लारशा-वणीकडचा भरला माल पारस, भुसावळच्या वीजघरांकडं जाते तो अप लाइननं, रिकामा येते डाउननं. म्हनून तुमच्याकडं अप बसली असन.

अन् आपली माती. काळी माती पावसात फुगते, हिवाळ्यात आकसते, भेगा पडतात. परतीचा पाऊस लांबला की गिट्टीत चिखल वर चढते. चिखल चढला की गिट्टी सैल.

बनोसा — मंगळवार, दुपारी २.१५

आवाजाचं काय झालं ते कळवा, जीव टांगणीला लागलाय. तोवर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

माझं माहेर अंजनगाव सुर्जी. आमची गाडी शकुंतला. ती कानानं ओळखावी लागत नव्हती, कारण दुसरी गाडीच नव्हती. पण ती कुठवर आली ते आम्ही आवाजावरून सांगायचो. अडीच फुटांचा रूळ, ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाइनचा १६७६. गाडी इतकी सावकाश यायची की प्रत्येक जोडाचा खटका वेगळा मोजता यायचा. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३. लाखपुरी, बनोसा, अंजनगाव, पथ्रोट, ही नावं मला शाळेतल्या कवितेआधी पाठ होती.

लहानपणी वाफेचं इंजिन होतं, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. १५ एप्रिल १९९४ ला ते कामावरून उतरलं आणि डिझेल आलं. बाबा त्या दिवसांत दोन-तीनदा आम्हाला मुद्दाम स्टेशनवर घेऊन गेले. वाफेच्या इंजिनाचा श्वास ऐकू यायचा. चढ आला की दम लागल्यासारखा लांब लांब, उतारावर नुसता सुस्कारा. डिझेलचा आवाज एकसारखा. बाबा म्हणाले, "आता गाडी थकली का नाही ते कळत नाही." हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

फाटक आलं की गाडीतलाच माणूस उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढं जायची, थांबायची, तो फाटक उघडून परत चढायचा. तिकिटंही गाडीतलीच माणसं द्यायची. पानमळ्यांतल्या पानांच्या टोपल्या ओल्या फडक्यात बांधून डब्यात ठेवलेल्या असायच्या, त्यामुळं आमच्या डब्याला विड्याच्या पानाचा वास. कापसासाठी किलिक निक्सन कंपनीनं ही लाइन उभी केली असं आपण वाचतो. माझ्यासाठी ती आत्याकडं जायची गाडी होती.

मागच्या दिवाळीत पाहिलं, रुळांमध्ये बाभळी माझ्या डोक्यावर गेल्या आहेत. गाडी बंद झाल्यापासून आई तिसऱ्या प्रहरी उगाच अंगणात येऊन उभी राहते. लाइन मोठी करून परत सुरू व्हावी ही मागणी आमच्याकडं घराघरात आहे आणि मीही प्रत्येक निवेदनावर सही करते.

धानपट्टा — मंगळवार, सायंकाळी ७.००

नागभीडकडून. आमच्याकडं तुमच्यासारखी रीघ नाही. गोंदिया–बल्लारशाह मार्गावर दोन गाड्यांमध्ये इतकी शांतता असते की गाडीचा भोंगा पहिल्यांदा जंगलातून येतो आणि आवाज बराच नंतर. वळणं आणि झाडी. लोको पायलट जंगलाच्या भागात लांब भोंगा देतात, कारण या मार्गावर वाघ, रानगवे, रानडुकरं रूळ ओलांडतात. या रुळांवर वाघ मेलेले आहेत. त्यामुळं रात्री भोंगा मध्येच तुटला किंवा गाडी जंगलात थांबली तर आमच्या घरात सगळे उठून बसतात.

छोटी लाइन आमचीही होती, नागभीड ते इतवारी, १०६ किलोमीटर. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठी करण्यासाठी बंद झाली. तिचं इंजिन, डबे पाहायचे असतील तर नागपूरला मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय आहे, २००२ मध्ये सुरू झालं. मुलांना जरूर न्या. पण तिथं आवाज नाही. कपाशीकाठ, तुमचा धागा म्हणूनच महत्त्वाचा वाटला.

कपाशीकाठ — मंगळवार, रात्री ९.३५

सांगितलं. सकाळीच फाटकावर गेलो. गेटमनदादा म्हणाले, "मलेही आवाज येत होता, पण मी इकडून अर्धा किलोमीटर दूर." खांबाचा नंबर दिला, त्यांनी लगेच फोन लावला. अर्ध्या तासात गँगची, म्हणजे रूळ दुरुस्त करणारी, माणसं आली, सोबत एक साहेब. मी धुऱ्यावरच थांबलो. पुढच्या मालगाडीच्या वेळी ते बाजूला उभे राहून जोडाकडं वाकून बघत होते. गाडी गेल्यावर एकानं बोटांनी माप दाखवलं, ते मला इतक्या लांबून कळलं नाही. नंतर गाड्यांचा वेग तिथं कमी केलेला दिसला, फलक लावला आहे. उद्या काम करणार म्हणाले.

रूळवेडा — मंगळवार, रात्री ९.५०

माझा अंदाज चुकला. काका, एक विचारतो. वेग आवाजावरून काढता येतो का?

चावी_पाना — बुधवार, पहाटे ५.००

येते. जुने रूळ तेरा मीटरचे होते, हरेक जोडावर खटका. सत्तेचाळीस सेकंदांत जेवढे खटके, तेवढा ताशी वेग. घड्याळ धरून मोजून पाहा, हिशेब बरोबर बसते. आम्ही गाडीत बसलो की पोरांना हेच शिकवत होतो. आता रूळ लांबच लांब जोडले, वेल्ड करून, म्हनून खटका सहसा ऐकू येत नाई. आता किलोमीटरच्या दगडावरून काढाचा: एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोजाचे अन् छत्तीसशेले त्यानं भागाचं. छत्तीस सेकंद लागले तं शंभर.

पण खटका नाई म्हंजे रुळाचं दुखणं संपलं असं नाई. एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला अन् चाळीस अंशांनी तापला तं जवळपास दीड फूट वाढन. आपल्याकडं थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत रुळाचं तापमान किती बदलते, विचार करा. उन्हात रूळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, हात लावता येत नाई. वाढाले जागा नाई, तं ते सगळं बळ रुळात कोंडून राह्यते. त्याले धरून ठेवते ती गिट्टी अन् स्लीपर, म्हंजे रुळाखालचे आडवे ठोकळे. गिट्टी सैल असन तं मे महिन्यात रूळ बाजूले सरकून वाकडा होते. थंडीत उलटं. रूळ आखडते, वेल्ड कमजोर असन तं तुटते. म्हनून उन्हाळ्यात भर दुपारी गस्त अन् हिवाळ्यात पहाटे गस्त. मी दोन्ही केल्या. मे महिन्यात दुपारी दोन वाजता हातोडा, पाना, झेंडे अन् गाडीले धोक्याचा इशारा देणारे फटाके घेऊन चालाचं. पाण्याची बाटली तासाभरात चहासारखी तापे.

हातोडा मारून आवाज ऐकणं हेच आमचं अर्धं काम. रूळ धरणारी क्लिप घट्ट असन तं खणखणीत वाजते. सैल असन तं भद्द. कान असलेल्या माणसाले रूळ बोलते. बाईंच्या बाबांचं वाक्य वाचलं, खरं हाय ते.

देवळीकर — बुधवार, दुपारी १.२०

आमच्याकडं उलटी गोष्ट. जन्मभर गाडी नव्हती, आता आली. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या लाइनीचा वर्धा ते कळंब हा टप्पा, २८ फेब्रुवारी २०२४ ला पहिली गाडी धावली. देवळी, भिडी, कळंब. आजूबाजूच्या गावांतली म्हातारी माणसं नुसता भोंगा ऐकायला बाहेर आली होती. माझी मावशी रडली.

नवीन लाइनीवर खटका जवळजवळ नाही. काका, एक शंका. आमच्याकडंही काळीच माती, मग इथं रूळ बसणार नाही का?

चावी_पाना — बुधवार, दुपारी ३.००

नवीन लाइनले गिट्टीच्या खाली मुरमासारख्या चांगल्या मालाचा जाड थर देतात, ब्लँकेट म्हणतात त्याले. तो चिखल वर येऊ देत नाई अन् वजन पसरवते. जुन्या लाइनी त्या काळच्या पद्धतीनं बांधल्या, गाड्याही हलक्या होत्या. तरी पह्यल्या दोन-तीन पावसाळ्यांत भराव बसतेच. लक्ष ठेवजा.

बनोसा — बुधवार, दुपारी ४.४०

फाटकाच्या जागी खालून पूल, यावर कुणी बोललं नाही. माझ्या सासरी असाच पूल झाला. पावसाळ्यात त्यात कमरेइतकं पाणी साचतं, बैलबंडी जात नाही, पोरांच्या शाळेची गाडी अडकते, बाळंतपणाला निघालेल्या बाईला चार किलोमीटरचा वळसा. फाटकावर थांबावं लागायचं हे खरं, आणि फाटकावर अपघात होतात हेही खरं, म्हणून पुलाला विरोध नाही. पण पाणी उपसायला पंप आणि त्याला वीज हे आधी मागून घ्या. आम्ही नंतर मागितलं, अजून फिरतोय.

कपाशीकाठ — बुधवार, रात्री १०.१०

बनोसाताई, हे ग्रामसभेत मांडतो. आमच्याकडं तर पलीकडं अर्ध्या गावाची शेती आहे.

गेटमनदादांबद्दल लिहायचं राहिलं. गाडी येताना ते हिरवा झेंडा घेऊन उभे राहतात ते नुसतं दाखवायला नाही. इंजिन गेलं की त्यांची नजर चाकांवर असते. काही लोंबकळतंय का, कुठं धूर येतोय का, बेअरिंग तापल्याचा वास येतोय का, दार उघडं आहे का. शेवटच्या डब्यावर खूण दिसली की मगच झेंडा खाली. खूण दिसली नाही तर गाडी मागं कुठं तुटली असू शकते. एकदा माझ्यासमोर त्यांनी लाल झेंडा दाखवून मालगाडी थांबवली होती. एका डब्याच्या चाकापाशी धूर होता. मी तेव्हा आठवीत होतो. गाडी थांबल्यावर एवढी शांतता झाली की इंजिनाच्या पंख्याचा आवाज आमच्या घरी आला.

आज दिवसभर काम झालं. जोडाखालची चिखल झालेली गिट्टी काढली, नवी भरली, स्लीपरखाली ठोकून बसवली. माणसं संध्याकाळपर्यंत होती. आईनं चहा पाठवला.

धानपट्टा — बुधवार, रात्री १०.३०

आणि आवाज?

कपाशीकाठ — गुरुवार, पहाटे ३.५५

आत्ता वावरातूनच लिहितोय, हरभऱ्याला पाणी चालू आहे. भरला कोळसा गेला. पुढं दोन भागांचं बारा हजार अश्वशक्तीचं इंजिन, बिहारातल्या मधेपुऱ्याच्या कारखान्यातलं. त्याची घरघर मी आता अर्ध्या मैलावरून ओळखतो. गाडी अजून हळूच काढतात तिथून. डबे मोजले, अठ्ठावन्न, मागं ब्रेक व्हॅन, लाल दिवा लुकलुकत गेला.

टक्. प्रत्येक चाकाला, बारीक, पूर्वीसारखा. आजा असता तर त्याला उठवून सांगितलं असतं.

रूळवेडा — गुरुवार, सकाळी ७.१५

दादा, अंगावर काटा आला. मी वही केली आहे. रविवारी पारसजवळ माझ्या मामाच्या वावरात जाऊन बसणार आहे, रुळापासून लांब, धुऱ्यावर. कोळसा खाली करायला जाणारे खालून उघडणारे डबे आणि साधे उघडे डबे रिकामे असताना वेगळे वाजतात का, ते ऐकून लिहितो.

चावी_पाना — गुरुवार, सकाळी ७.४०

जा बेटा. लांबूनच ऐकजो. आम्हा लोकांनाही झेंड्याशिवाय अन् सोबत्याशिवाय भीती वाटते तिथं. विनापरवाना रुळावर गेलं तं रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, नाई तं हजारापर्यंत दंड, नाई तं दोन्ही. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट म्हंजे नवे डबे अन् नवी इंजिनं आवाज न करता येतात. पाठीमागून आलेली गाडी कळतच नाई. माह्या बरोबरचे दोन जण तसेच गेले.

कपाशीकाठ भाऊ, रात्रीची लाइन अजून किती दिवस?

कपाशीकाठ — गुरुवार, सकाळी ८.२०

रविवारपर्यंत. मग आठवडाभर दिवसाची, त्यानंतर पुन्हा रात्रीची. दिवसा वाऱ्यानं आणि मोटारींच्या आवाजानं एवढं बारीक ऐकू येत नाही. पुढच्या रात्रपाळीला परत ऐकून इथं लिहितो.

चावी_पाना — गुरुवार, सकाळी ८.३०

लिहजा. अन् डाउनचाही जोड ऐकत जा. तोही त्याच मातीवर हाय.